सदाहरित फुलझाडं निवडताना एक प्रश्न विचारा: याला शेळी का खात नाही?

जून लागला की माझ्या दवाखान्यात ताप आणि जुलाबाच्या पेशंटबरोबर एक वेगळाच प्रश्न येतो. "डॉक्टर, बंगल्याच्या कुंपणाला काय लावू?" "सोसायटीच्या पुढच्या पट्ट्यात काय चांगलं दिसेल?" मी बागकामातला तज्ज्ञ नाही. पण दवाखान्याच्या आवारात बरीच वर्षं थोडी झुडपं सांभाळली आहेत. वाट पाहत बसलेले लोक ती बघतात आणि तपासणी झाली की जाता जाता विचारतात.

मागणी बहुतेकांची सारखीच असते. झाड वर्षभर हिरवं राहावं, फुलं यावीत, पाणी कमी लागावं, कीड पडू नये आणि गुरं-शेळ्यांनी तोंड लावू नये. पहिल्या चार अटी ऐकून मी मान डोलावतो. पाचवी अट ऐकली की मात्र मी विचारतो, "घरात लहान मूल आहे का?"

हा प्रश्न का विचारतो, ते आज सविस्तर सांगतो.

झाड काटक होतं म्हणजे नेमकं काय?

एप्रिल-मे महिन्यात माळावर फिरून पाहा. गवत वाळलेलं असतं, बरीच झाडं पानं टाकून उभी असतात आणि भुकेली शेळी जे हिरवं दिसेल ते ओरबाडत असते. अशा वेळी अंगावर रसरशीत पानं घेऊन जे झुडूप निवांत उभं असतं, त्याच्याकडे स्वतःला वाचवायचं काहीतरी साधन असतं. ते पळून जाऊ शकत नाही. मग कुणाकडे काटे असतात, कुणाकडे चीक, कुणाकडे जहाल कडूपणा, तर कुणाकडे सरळ सरळ विष.

काही झुडपं मात्र वेगळ्या वाटेने टिकतात. ती मार खातात आणि पुन्हा फुटतात. जास्वंद शेळी आवडीने खाते, पण छाटल्यासारखी होऊन ती चार आठवड्यांत पुन्हा पालवते.

म्हणून नर्सरीवाला "साहेब, याला काही होत नाही, जनावरसुद्धा खात नाही" असं म्हणाला, तर ती माहिती अर्धीच समजा. जनावर का खात नाही, हे विचारल्याशिवाय रोप गाडीत ठेवू नका. काटे असतील तर एक काळजी घ्यायची, चीक असेल तर दुसरी आणि विष असेल तर तिसरी. एकदा हे कळलं की कुठलं झाड कुठे लावायचं ते ठरवणं सोपं जातं.

कण्हेर: सुंदर, चिवट आणि विषारी

आपल्याकडे सर्वांत जास्त लावलं जाणारं चिवट फुलझाड म्हणजे कण्हेर. लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांची एक आणि पिवळ्या घंटेसारख्या फुलांची दुसरी, जिला बरेच जण बिट्टी म्हणतात. ही दोन वेगळी झाडं आहेत, पण एकाच कुळातली. दोघींचं पान, फूल, बी, साल, मूळ, चीक, सगळंच विषारी आहे. पान वाळलं किंवा उकळलं तरी विष जात नाही.

हे विष हृदयावर काम करतं. कसं, ते समजून घेऊ. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. सोसायटीतली पाण्याची मोटर जशी चोवीस तास टाकीची पातळी सांभाळते, तसंच हे काम. कण्हेरीतली द्रव्यं हा पंप अडवतात. मग पेशीत सोडियम साठतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाची लय बिघडते. ठोके मंद होतात, मध्येच चुकतात, कधी भलतेच वेगाने पडतात. त्याआधी बहुधा मळमळ, उलट्या आणि पोटदुखी होते, म्हणून घरचे "काहीतरी बाधलं असेल" म्हणून थांबून राहतात.

माझ्या हृदयरोगी वाचकांपैकी काहींना डिगॉक्सिनची गोळी माहीत असेल. ती याच पंपावर काम करते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ मध्ये डिजिटालिस, म्हणजे फॉक्सग्लव्ह या झाडाच्या उपयोगावर पुस्तक लिहिलं आणि या औषधांची पद्धतशीर ओळख जगाला झाली. आज डिगॉक्सिनची नेहमीची गोळी पाव मिलिग्रॅमची असते, आणि तीसुद्धा आम्ही नाडी, मूत्रपिंड आणि पोटॅशियम पाहून देतो. झाडाच्या पानावर मात्र मिलिग्रॅम लिहिलेले नसतात. म्हणून त्वचारोगावर, काविळीवर किंवा मूळव्याधीवर कुणी कण्हेरीचा घरगुती काढा सुचवला तर हात जोडून नको म्हणा. डिगॉक्सिन चालू असलेल्यांनी तर दुप्पट सावध राहावं.

केरळमध्ये २०२४ साली एका तरुण नर्सचा मृत्यू झाला. तिने नकळत कण्हेरीचं पान चावल्याचा संशय होता. त्यानंतर त्रावणकोर देवस्वम बोर्डाने आपल्या मंदिरांत नैवेद्य आणि प्रसादात ही फुलं वापरणं बंद केलं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटला. देवाला फूल वाहायला हरकत नाही. पण ते तीर्थात पडू नये, प्रसादाच्या ताटात राहू नये आणि फुलं तोडल्यावर हात धुवावेत, एवढं आपणही पाळू शकतो.

मुलांच्या बाबतीत धोका फुलापेक्षा बिट्टीच्या फळाचा जास्त. हिरवं, गुळगुळीत, हातात मावणारं फळ आणि आत कडक बी. मुलं त्या बियांनी खेळतात. दोन पावसाळ्यांपूर्वी पाच वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. भातुकलीत "बटाट्याची भाजी" केली होती आणि त्याने ती खरंच चाखली होती. मुलगा हसत होता, खेळत होता. आईने एक गोष्ट फार चांगली केली होती. उरलेलं फळ आणि एक डहाळी पिशवीत घालून आणली होती. ती पाहताच मी त्यांना घरी न पाठवता सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथे त्याला मॉनिटरवर ठेवलं. रात्री नाडी थोडी मंद झाली, पण लक्ष होतं, उपचार सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी तो घरी आला. "तो तर हसत होता हो," असं ती आई मला नंतर पुन्हा पुन्हा म्हणत होती. हे विष काही तास गप्प राहू शकतं, हेच तिच्या लक्षात आलं होतं. तुमच्याही लक्षात राहावं म्हणून हे सांगितलं.

मग कण्हेर लावायचीच नाही का? महामार्गाच्या दुभाजकात ती लावतात ते योग्यच आहे. धूळ, धूर, ऊन सोसते, गुरं खात नाहीत आणि तिथे मुलं खेळत नाहीत. घसरगुंडीशेजारी, शाळेच्या आवारात, अंगणवाडीच्या दारात मात्र ती नको. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे छाटणी. सोसायटीचे माळी फांद्या छाटून कचऱ्याच्या ढिगावर टाकतात आणि मोकाट गाई तो ढीग चघळतात. उभ्या झाडाला तोंड न लावणारं जनावरही कोमेजलेला पाला खाऊन बसतं. छाटलेला पाला उघड्यावर टाकू नका आणि पेटवूही नका, कारण धूरही त्रासदायक असतो. खड्ड्यात पुरणं उत्तम.

चीक आणि डोळा

आपल्याकडची रुई म्हणजे काटकपणाचा कळस. खडकाळ जागेत, एक थेंब पाणी न घालता वाढते आणि फुलते. शनिवारी मारुतीला पानांची माळ घालायची म्हणून बरेच जण ती दारात राखतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि तोच हात नकळत डोळ्याला लागतो.

रुईच्या चिकाची गंमत, खरं तर धोका, असा की डोळा फार दुखतही नाही. दिसायला मात्र धुकं पडल्यासारखं होतं, कारण बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशींना इजा होऊन तो सुजतो. माझ्या ओळखीतल्या एका आजींना वाटलं, मोतीबिंदू पिकला. दोन दिवस त्या तशाच थांबल्या. वेळेत नेत्रतज्ज्ञांचे थेंब सुरू झाले तर बहुतेकांची नजर परत येते, पण "दुखत नाही म्हणजे काही नाही" हे गणित इथे चुकतं.

लाल छोट्या फुलांचं काटेरी युफोर्बिया कुंडीत वर्षभर फुलतं, म्हणून गॅलरीत लोकप्रिय आहे. त्याचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. छाटणी करताना चष्मा आणि हातमोजे घाला. चीक डोळ्यात गेलाच तर ताबडतोब नळाच्या स्वच्छ पाण्याने पंधरा ते वीस मिनिटं डोळा धुवा आणि मग नेत्रतज्ज्ञांकडे जा. गुलाबपाणी, मध, तूप, अंगावरचं दूध, यातलं काहीही घालू नका.

रंगीत फळांचा मोह

फूल सुंदर म्हणून झाड लावतो, पण फूल गेल्यावर काय येतं याचा विचार करत नाही. ड्युरांटाला जांभळ्या फुलांनंतर पिवळ्या मण्यांचे घोस येतात. घाणेरीला आधी हिरवी, मग काळी फळं येतात. रातराणीला पांढरी येतात. तिन्ही खाण्याजोगी नाहीत. घाणेरीच्या पाल्याने तर जनावरांच्या यकृताला इजा होते, शिवाय ती जंगलात पसरून दुसऱ्या झाडांना जगू देत नाही.

कुंपणाला लावलेली चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, हे सदाहरित झाड नव्हे, पण इथे उल्लेख केलाच पाहिजे. तिची बी शेंगदाण्यासारखी चवदार लागते. शाळेतली पाच-दहा मुलं एकदम उलट्या-जुलाबाने आजारी पडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात बऱ्याचदा हीच असते. शाळेभोवती ती असेल तर मुख्याध्यापकांना भेटून काढून टाकायला सांगा.

ड्युरांटाची कुंपणं आता उपटायला नकोत. वर्षातून तीन-चार वेळा नीट कातरलं तर फुलं-फळं फारशी येतच नाहीत.

मग लावायचं काय?

माझी यादी छोटी आहे.

जास्वंद. पाच-सहा तास ऊन मिळालं तर बारा महिने फुलते. पावसाळ्यात फांदी लावून येते. विषारी नाही. तिचा एकच शत्रू, पिठ्या ढेकूण. तो पांढरा कापूस दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, फार झालं तर निंबोळी तेल वापरा. शेतात मारायचं कीटकनाशक आणून दारात फवारू नका. आणि आणलंच असेल तर ते थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. बागेतली सर्वांत घातक वस्तू बहुतेक वेळा झाड नसतं, ती बाटली असते.

तगर. उन्हात आणि अर्ध्या सावलीतही चालते, पांढरीशुभ्र फुलं, छाटणी सोसते. हिलाही चीक आहे आणि ती खाण्याचं झाड नव्हे, पण कण्हेरीसारखं हृदयावर काम करणारं विष तिच्यात नाही. फुलं काढल्यावर हात धुतले की झालं.

कुंती. काहीजण तिला कामिनी म्हणतात. कढीलिंबाची नातेवाईक. दाट, गडद हिरवी, काटे नाहीत, चीक नाही. कुंपणासाठी मला हीच सर्वांत आवडते. पावसाची सर येऊन गेली की एकदम बहरते.

एक्झोरा. कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत आपोआप वाढतो. घाटावर मात्र लोक तक्रार करतात की पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हा त्याचा ॲनिमिया समजा. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी यामुळे मुळांना ते घेता येत नाही. जेवणाबरोबर चहा पिणाऱ्या माणसाला लोहाची गोळी लागू पडत नाही, तसंच. भरपूर शेणखत-पालापाचोळा घाला आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या. तेही जमणार नसेल तर काळ्या मातीत एक्झोराचा हट्ट सोडा.

अबोली. गुडघाभर उंच, थोड्या सावलीत खूष. वाळलेल्या शेंगेवर पाणी पडलं की ती चट् करून फुटते. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि तो निर्धोक आहे.

अडुळसा. इतका कडू की शेळीही टाळते. पांढरी फुलं, पाणी कमी, कीड जवळजवळ नाही. यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून पुढे ब्रोम्हेक्झिन हे खोकल्याचं औषध तयार झालं. पण तेच व्हॅसिसीन गर्भाशयाच्या आकुंचनाला चालना देतं, म्हणून गरोदर स्त्रीने अडुळशाचा काढा घेऊ नये.

बोगनवेल. ऊन भरपूर आणि पाणी कमी असेल तर तिच्यासारखी तीच. हिचं हत्यार काटे. भिंतीच्या वर सोडा, पायवाटेच्या कडेला नको. काटा खोल रुतला तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून डॉक्टरांना सांगा.

दमा आणि ॲलर्जी असलेल्यांनी

"घरात दम्याचा पेशंट आहे, फुलझाडं नकोत ना?" असं विचारतात. फूल रंगीत, मोठं आणि भडक असेल तर त्याचे परागकण बहुतेक कीटक नेतात. ते जड आणि चिकट असतात, हवेत फारसे उडत नाहीत. त्रास जास्त होतो तो गवतं, गाजरगवत आणि वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांचा. जास्वंद, तगर, अबोली खुशाल लावा. उग्र वासाचं मात्र वेगळं आहे. रातराणीच्या वासाने काहींचा दमा चाळवतो, अर्धशिशी उठते. ती झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली लावू नका. कुंतीचा वासही सोसत नसेल तर ती फाटकापाशी ठेवा.

आणि झाड कुठलंही असो, कुंडीखालची थाळी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास त्याच पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो.

कुणी काही खाल्लंच तर

हे एवढं कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

१. तोंडात उरलेलं बोटाने काढा, चूळ भरायला लावा.

२. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, ताक, तूप काही पाजू नका.

३. झाडाची डहाळी, फळ किंवा मोबाइलवर फोटो बरोबर घ्या. "कसलंतरी हिरवं फळ" यापेक्षा ते आम्हाला कितीतरी उपयोगी पडतं.

४. मूल खेळत असलं तरी हॉस्पिटलमध्ये न्या. गाडी नसेल तर १०८ लावा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं.

५. किती वाजता आणि साधारण किती खाल्लं, ते लिहून ठेवा.

लवकर पोहोचलेल्या पेशंटसाठी आम्ही बरंच काही करू शकतो. पोटातलं विष शोषून घेणारा कोळसा देता येतो, ईसीजीवर लक्ष ठेवता येतं, मंदावलेली नाडी औषधांनी सावरता येते, गरज पडली तर तात्पुरता पेसमेकर लावता येतो. उशीर झाला की यातले पर्याय कमी होत जातात.

हे वाचून कुणी कुऱ्हाड घेऊन बागेत जाऊ नये. झाडं आपल्याला मारायला टपलेली नाहीत, ती शेळीपासून स्वतःला वाचवत असतात. या रविवारी अर्धा तास काढा, आपल्या आवारातल्या प्रत्येक झुडपाचं नाव शोधा, नातवंडांना बरोबर घ्या आणि कशाला हात लावायचा, कशाला नाही ते त्यांना दाखवा. एखादं ओळखता आलं नाही, तर पुढच्या वेळी तपासणीला येताना त्याची डहाळी पिशवीत घालून आणा. आणायच्या आधी मात्र ती चाखून बघू नका.